नाली रुंद करण्याआधी टेकडीकडे बघा

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा आहे. गाव २२० घरांचं, टेकडीच्या पायथ्याशी वसलेलं. चार-पाच वर्षांत गावातले जवळपास सगळे रस्ते सिमेंटचे झाले, दीड फुटाच्या नाल्या झाल्या, घरोघरी शोषखड्डे झाले. आणि तेव्हापासूनच जोराचा पाऊस आला की खालच्या पुऱ्यातल्या वीस-बावीस घरांत पाणी शिरतं. पंचायतीपुढे आता मुख्य नाली दोन फुटांची करण्याचा प्रस्ताव आहे. ताईंनी 'लो इम्पॅक्ट डेव्हलपमेंट'चे, म्हणजे पाणी पडलं तिथेच जिरवण्याच्या पद्धतीचे, व्हिडिओ पाहिले आणि विचारलं, "हे आपल्या काळ्या मातीत चालेल, की हे अमेरिकेतल्या बंगल्यांचं काम आहे?"

ताई, चालेल. पण व्हिडिओत दाखवतात तसं नाही, आणि त्यात सांगतात त्या क्रमानेही नाही. त्याआधी नालीचा तो प्रस्ताव महिनाभर थांबवा. का, ते आकड्यांतून सांगतो. हिशेब चौथीच्या गणिताचा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

तुमची २२० घरं, सरासरी ५० चौरस मीटर छप्पर धरलं तर ११,००० चौरस मीटर. रस्ते-गल्ल्या मिळून दोन किलोमीटर, साडेतीन मीटर रुंद, म्हणजे ७,००० चौरस मीटर. एकूण १८,००० चौरस मीटर अशी जागा जिच्यात पाणी मुरतच नाही. तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला, जो आपल्याकडे एका पावसाळ्यात एकदा-दोनदा पडतोच, तर यातला दहावा भाग इकडे-तिकडे जिरला-अडला असं धरूनही साडेसहा लाख लिटर पाणी वाहायला लागतं. सेकंदाला १८० लिटर. आता नाली बघा. दीड फूट बाय दीड फूट, पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने धावतंय असं धरलं, तर साफ नालीतून सेकंदाला २०० लिटर जातात. म्हणजे गावाचं स्वतःचं पाणी तुमच्या आहे त्या नालीत मावतं! कसंबसं, पण मावतं.

मग घरात शिरतं ते कुठलं? तुम्हीच लिहिलंय की गावाच्या वर तीस एकरांचा उतार आहे; दहा एकर ई-क्लासची, म्हणजे सरकारी पडीक जमिनीची, टेकडी आणि वीस एकर शेती. तीस एकर म्हणजे १२ हेक्टर. त्या बरड जमिनीवर पडलेल्या पावसातला तिसरा हिस्सा, थोडा अधिकच, वाहून येतो असं धरा. त्याच तासात जवळपास सतरा लाख लिटर. सेकंदाला साडेचारशेच्या वर. गावाच्या पाण्याच्या अडीचपट पाणी वरून येतंय आणि ते तुमच्या नालीत शिरतंय. दोन्ही पाणी अगदी एकाच मिनिटाला पोचत नाही, वरचं थोडं मागून येतं, हे खरं. तरी दोन फुटांच्या नालीतून, ती झाडून-पुसून स्वच्छ असली तरी, सेकंदाला तीनशे साठ-सत्तर लिटरच्या वर जात नाही. प्रस्ताव मंजूर झाला, काम उत्तम झालं, तरीही खालच्या पुऱ्यात पाणी शिरणारच. फक्त आधीपेक्षा लवकर पोचेल.

'लो इम्पॅक्ट डेव्हलपमेंट' हे नाव अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतून आलं, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. वसाहतीचं सगळं पाणी पाइपांनी गोळा करून एका मोठ्या तळ्यात नेण्यापेक्षा प्रत्येक घराच्या, रस्त्याच्या कडेला झाडाझुडपांचा लहान खळगा करावा, आणि पाणी पडलं तिथेच जिरवावं, अशी ती कल्पना. आपल्या पाणलोटवाल्यांच्या 'माथा ते पायथा'चीच चुलत बहीण म्हणा. फरक पावसाचा आहे. तिथेही वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटरच पडतो, पण बाराही महिने वाटून. तुमच्याकडे साधारण नऊशे पडतो, आणि त्यातला बहुतेक मृगापासून हस्तापर्यंत, त्यातही मोजक्या दिवसांत. म्हणून तिथली मापं इथे उचलून लावली की फसतात. कल्पना घ्यायची, मापं आपली काढायची.

आता टेकडीकडे चला. पाणी टेकडीवरून गावात येतं कशातून? मी पैजेवर सांगतो, पांदणीतून. वर्षानुवर्षं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चालून पांदण दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा दीड-दोन फूट खाली गेलेली असते. पावसाळ्यात तो रस्ता राहत नाही, नाला होतो. आणि हा नाला सरळ तुमच्या सिमेंट रोडला येऊन जोडला गेलाय. पूर्वी गावाच्या तोंडाशी मातीचा, खाचखळग्यांचा रस्ता होता. तिथे पाणी पसरायचं, थांबायचं, डबकं व्हायचं. लोक शिव्या द्यायचे, पण ते डबकंच खालच्या पुऱ्याला वाचवत होतं. सिमेंटने डबकं गेलं.

पहिलं काम तिथेच. पांदण गावाला मिळते त्याच्या शे-दीडशे फूट आधी रस्त्यावर एक आडवा उंचवटा, मुरूम कुटून, दगडी पिचिंग करून. गाडी सहज चढेल-उतरेल इतका लांबट, पण पाण्याला वाट बदलायला लावील इतका उंच. तिथून उताराला आडवा चर काढून पाणी बाजूच्या मूळ नाल्यात सोडायचं. मूळ नाला कुठे होता हे तलाठ्याकडच्या गावनकाशात दिसेल. जमिनीवर कदाचित दिसणार नाही, कारण कुणीतरी तो नांगरून तुरीखाली घातला असेल. हा भाग इंजिनिअरिंगचा नाही, बैठकीचा आहे. नकाशा मांडा, त्या शेतकऱ्याला आधी भेटा, ग्रामसभेत एकदम नाव घेऊ नका. आणि चराचं पाणी दुसऱ्याच्या धुऱ्यावर जाऊन आदळणार असेल तर काढूच नका. एका घरातलं पाणी काढून दुसऱ्याच्या शेतात घातलं की भांडण तहसीलपर्यंत जातं, मी दोनदा गेलोय.

टेकडीवर सलग समतल चर. दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर असेल तर एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. तुमच्या दहा एकरांत हजार मीटर चर सहज बसतो: एक लाख ८० हजार लिटर, एका भरण्यात. टेकडीच्या मुरमात तो दिवसा-दीड दिवसात रिकामा होतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा तयार असतो. चराची माती खालच्या अंगाला टाकायची आणि त्यावर पहिल्या पावसातच गवताचं बी पेरायचं. चर समतलच हवा. नळीच्या लेव्हलने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक पाइपने, आखून घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने काढलेला चर एका टोकाला फुटतो आणि मग तोच घळ पाडतो. रोजगार हमीतून हे काम पूर्वीपासून होत आलंय, मजुरांना त्याची सवय आहे.

वीस एकर शेतीत पंचायतीला काही बांधता येणार नाही, पण सांगता येतं. उताराला आडवी पेरणी. आणि शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सरी पाडणं. खर्च जवळजवळ शून्य, दोरीचा. अकोल्याचं कृषी विद्यापीठ अशा सऱ्या कधीपासून सांगतंय. सोयाबीनवाल्यांना बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडणारं) यंत्र मिळालं तर आणखी चांगलं. याचं श्रेय पुरनियंत्रणाला कुणी देत नाही, पण वीस एकरांतल्या सऱ्या मिळून जेवढं पाणी धरतात तेवढं तुमच्या गावातले सगळे शोषखड्डे मिळून धरत नाहीत.

शोषखड्ड्यांवर येतोच आहे, कारण तुम्ही लिहिलंय, "घरोघरी केले, तरी भरून वाहतात." ताई, वाहणारच. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा म्हणजे १,८०० लिटर; त्यात दगड भरले की पोकळी उरते सव्वासातशे लिटरची. ५० चौरस मीटरच्या टिनावर तासाला ४० मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर येतं. खड्डा वीस-बावीस मिनिटांत भरतो, तोही आधी रिकामा असला तर. आणि तो रिकामा नसतो, कारण त्यात न्हाणीचं पाणी रोज जातंय. सांडपाण्याच्या खड्ड्यात छपराचं पाणी सोडायचंच नाही. दोन्हींचं काम वेगळं, दोन्हींची जागा वेगळी.

सांडपाण्याचा खड्डा मात्र पुराशी संबंधित आहे, उलट्या बाजूने. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात येतं. पाच माणसांच्या घरातून दोनशे लिटर सांडपाणी निघालं तर गावाचं झालं ४४ हजार लिटर, रोज. हे नालीत राहिलं की तिच्या तळाशी गाळ, साबणाची साय, गवत, प्लॅस्टिक साचतं, आणि पाऊस येतो तेव्हा नाली आधीच अर्धी भरलेली असते. अर्धी भरलेली नाली म्हणजे दोनशेऐवजी शंभर लिटर. खड्ड्याच्या आधी एक लहानसं जाळीचं भांडं बसवा, मराठवाड्यात नांदेडकडच्या 'मॅजिक पिट'मध्ये असतं तशासारखं, आणि ते महिन्यातून एकदा धुवा. ही धुण्याची गोष्ट कुणी करत नाही, म्हणून खड्डे दोन वर्षांत मरतात. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा निदान पन्नास फूट लांब.

आता काळी माती. इथे जरा थांबतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावात सरकारी इमारतीच्या छपराचं पाणी जिरवायला मी भिंतीपासून चार फुटांवर खड्डा घेतला. एप्रिल महिना. जमिनीला हातहात भेगा. चाचणी म्हणून दोन बादल्या ओतल्या, पाणी बघता बघता गडप झालं. मी खूश. आषाढात भेगा मिटल्या, माती फुगली, पाणी खड्ड्यात आठ दिवस तसंच उभं, आणि दिवाळीपर्यंत भिंतीला खालपासून वरपर्यंत तिरपी चीर. त्या गावातल्या एका म्हाताऱ्याने मला शांतपणे सांगितलं, "साहेब, मुरूम पानी पेते, काई फुगते." काई म्हणजे काळी. माझ्या पुस्तकात हेच होतं, मॉन्टमोरिलोनाइट वगैरे शब्दांत. पण कळलं त्या दिवशी.

तेव्हापासून तीन गोष्टी सोडत नाही. चाचणी उन्हाळ्यात करायची नाही. दोन-चार चांगले पाऊस होऊन भेगा मिटल्या की करायची. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर खड्डा आदल्या दिवशी सतत भरत ठेवून माती पूर्ण फुगू द्यायची आणि मग मोजायचं. दुसरं, भिंतीपासून निदान दहा-पंधरा फूट लांब आणि उताराच्या बाजूला. आणि तिसरं, खड्डा काळीत संपवायचा नाही. काळी चार फूट असेल आणि खाली मुरूम असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा. दहा फूट काळी असेल तर तिथे जिरवण्याचा नाद सोडा आणि पाणी फक्त थोडा वेळ अडवा.

चाचणी अशी. फूटभर लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा. पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या भरण्याला काठी उभी करून तासाला किती उतरलं ते मोजा. ओल्या काळीत तासाला चार-दोन मिलिमीटर उतरतं. मुरमात बोटभर, दोन बोटं, कधी त्याहून खूपच जास्त. परदेशी मार्गदर्शिकांत बहुधा ताशी अर्ध्या इंचाची मर्यादा धरतात, त्याच्या खाली असेल तर खळग्याच्या तळाला छिद्रांचा पाइप टाकून जास्तीचं पाणी हळूहळू नालीत सोडतात. आपणही तेवढीच धरू. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांकडून गावात पंधरा-वीस ठिकाणी ही चाचणी करून घ्या आणि नकाशावर आकडे लिहा. तो नकाशा झाला की अर्धं डिझाइन झालं. तुम्हाला दिसेल की जुन्या लोकांनी गाव उगीच तिथे वसवलं नव्हतं. शेत काळीत आणि वस्ती पांढरीत, ही वाटणी जुनी आहे. अडचण होते ती नंतर वाढलेल्या वस्तीची, घरकुलांची, जी पांढरी संपल्यावर काळीत उतरली. तुमचा खालचा पुरा बहुधा तसाच असणार.

जिथे मुरूम जवळ आहे त्या घरांच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, रेन गार्डन करा. नाव मोठं आहे, वस्तू साधी. पाच चौरस मीटरचा, सहा इंच खोल खळगा, तळ सपाट. छपराला पन्हाळी लावून पाणी तिथे सोडायचं. त्यात कर्दळ, अळू, गवती चहा, कडेला केळीचं एखादं खुंट. सहा इंच पाणी म्हणजे साडेसातशे लिटर. ५० चौरस मीटरच्या छपरावर १५ मिलिमीटर पाऊस होईपर्यंत त्या घराचं एक थेंबही गल्लीत येत नाही. पावसाळ्यातले बहुतेक दिवस त्याच्या आतलेच असतात. मोठ्या पावसात ते भरून वाहणार, आणि वाहायलाच हवं; म्हणून एका बाजूला दगड लावून सांडवा ठेवा, घराच्या विरुद्ध दिशेला. माती घट्ट असेल तर दीड-दोन फूट खणून अर्ध्याहून जास्त रेती, उरलेल्यात माती आणि कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरा. कच्चं शेण नको, त्याचा थर बसतो. पाणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत जायला हवं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन दिवसांत कोरडा होणारा खळगा डास करत नाही. पण छपराखाली ठेवलेला उघडा ड्रम नक्की करतो. ड्रमला झाकण आणि जाळी.

कवेलूच्या घरांना पन्हाळी लावायच्या भानगडीत पडू नका. पागोळ्या जिथे पडतात तिथे फूटभर रुंदीची गिट्टीची पट्टी टाका, अंगण खचत नाही आणि चिखल भिंतीवर उडत नाही, एवढं बास.

बोअरमध्ये पाणी सोडण्याचा विषय कुणीतरी काढेलच. स्वच्छ छपराचं पाणी, पहिले दोन पाऊस वगळून, रेती-गिट्टीच्या गाळणीतून सोडायला हरकत नाही. गल्लीचं, कोठ्याचं, शेताचं पाणी कधीच नाही. त्यात शेण-मूत्र असतं, आणि फवारणीचे पंप लोक कुठे धुतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मातीतून गाळून खाली जाणारं पाणी वेगळं आणि पाइपाने सरळ खडकात ओतलेलं वेगळं. याबाबत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला विचारल्याशिवाय एक पाइपही टाकू नका.

रस्त्याबद्दल थोडं रागाने लिहितोय, माफ करा. तुमच्या फोटोत खालच्या पुऱ्यातल्या घरांची जोती रस्त्याच्या खाली गेलेली दिसतात. हे पावसाने केलेलं नाही. जुना रस्ता न खोदता त्यावर नवा सहा इंचांचा थर, काही वर्षांनी दुसऱ्या निधीतून अजून एक. प्रत्येक थरागणिक कुणाचं तरी घर सहा इंच खड्ड्यात जातं. पुढच्या अंदाजपत्रकात एक ओळ लिहून घ्या: आहे तो थर काढून, त्याच पातळीला. खर्च वाढतो, कंत्राटदार कुरकुरतो, लिहून घ्याच. आणि नवा रस्ता पूर्ण रुंदीत सिमेंटचा हवा कशाला? मधला आठ फूट सिमेंट, दोन्ही कडांना दीड-दोन फूट मुरूम-गिट्टीचा पट्टा. दोन किलोमीटरच्या गल्ल्यांत दोन्ही कडांनी अर्धा अर्धा मीटर मोकळा राहिला तर दोन हजार चौरस मीटर जमीन परत मिळते. त्यात दर तीस-चाळीस फुटांवर एक कडुनिंब किंवा करंज, आळं रस्त्यापेक्षा खाली ठेवून. बहुतेक ठिकाणी आळं रस्त्याच्या वर, विटांनी बांधून, रंग देऊन सजवलेलं असतं. म्हणजे पाणी समोरून वाहून जातं आणि झाडाला टँकरने घालावं लागतं.

व्हिडिओतल्या पाणी पिणाऱ्या गट्टूंचं विचारलंत. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात लावा, जिथे ढोरं येत नाहीत. गल्लीत एका पावसाळ्यात फटी शेणामातीने बुजतात.

शाळेचं मैदान ही तुमच्या गावातली सगळ्यात मोलाची जागा आहे. तुम्ही लिहिलंय, हजार चौरस मीटर, मुरमाड, खालच्या पुऱ्याच्या वरच्या अंगाला. याहून काय हवं! मैदानाची पातळी सहा इंच खाली घेतली आणि मुख्य नालीला तिथे बाजूने तोंड दिलं, असं की नाली पाऊण भरली की पाणी मैदानात वळेल, तर दीड लाख लिटर पाणी तिथे थांबतं. तळाला एक लहान पाइप, ज्यातून ते रात्रीत हळूहळू परत नालीत जाईल. सकाळी मैदान ओलसर, दुपारी खेळायला मोकळं. सहा इंचच खोल, त्याहून नाही. लहान मुलांची जागा आहे. नालीच्या तोंडाशी गाळासाठी दोन बाय तीन फुटांचा एक हौद हवा, नाहीतर सगळी घाण मैदानात पसरेल आणि शिक्षक दुसऱ्याच दिवशी ते तोंड बुजवून टाकतील. त्यांचं चुकणारही नाही. नालीतून सांडपाणी आधी बाजूला काढलं असेल तरच हे काम हाती घ्या.

आणि नाली संपते कुठे? अंदाजपत्रकात ती गावाच्या हद्दीला संपते. पाणी संपत नाही. शेवटी मोठे दगड पसरून पाण्याचा जोर मोडा, पुढे पंचवीस-तीस फूट वाळ्याच्या गवताच्या दोन-तीन आडव्या ओळी, मग नाला. नाल्यातली बेशरमची झुडपं उन्हाळ्यात मुळासकट काढा. वाटेतल्या रस्त्याखाली पाइपाची मोरी असेल तर ती आधी तपासा: दरवर्षी कापूस उपटल्यावर नाल्याकाठी रचलेल्या पऱ्हाट्या पहिल्या पुरात वाहत येऊन पाइपाच्या तोंडाशी अडकतात, आणि फुगवटा मागे गावात येतो. कितीतरी ठिकाणी पाइप काढून साधा रपटा केला, वरून पाणी वाहू दिलं, आणि प्रश्न संपला. पाऊस थांबेपर्यंत अर्धा तास वाहतूक बंद राहते, चालतं. पऱ्हाट्या रचण्याची जागा बदलणं हेही पूरकामच.

हे सगळं तुमच्या यवतमाळच्या उताराच्या, मुरमाच्या गावासाठी. हेच उत्तर अकोला-बुलडाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात कुणी वाचत असेल तर त्यांनी जिरवण्याचा भाग सोडून द्यावा: तिथे पूर्णेची खोल गाळमाती आणि खाली खारं पाणी, त्यामुळे गोडं पाणी वर शेततळ्यात धरून ठेवणंच शहाणपणाचं. भंडारा-गोंदियाकडे तर नवीन काही खणण्याआधी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव बघावेत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि तलाव सांभाळणारे हात हळूहळू सुटले. गावाच्या वरची बोडी (लहान तलाव) गाळाने भरलेली आणि सलंग (तिचा सांडवा) बुजलेला असेल तर खाली कितीही रेन गार्डन करा, उपयोग नाही.

पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला, आणि पाण्यात पावसाचं पाणी साठवणंही धरलं होतं. म्हणजे शोषखड्डे, पन्हाळ्या, मैदानाचं काम यांची नोंद कुठे करायची याला वाट आहे. चरांची कामं रोजगार हमीत. आराखड्यात एकच मोठं 'पूरसंरक्षण काम' म्हणून लिहू नका, ते तांत्रिक मंजुरीत अडकतं. पाच लहान कामं वेगवेगळी लिहा. पहिल्या वर्षी पांदणीचं वळण आणि टेकडीचे चर, एवढंच. सांडपाणी नालीतून काढणं त्याच उन्हाळ्यात सुरू करता येईल. मैदान दुसऱ्या वर्षी. नालीची रुंदी वाढवायची की नाही ते तिसऱ्या वर्षी बघू.

यंदा पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा मात्र घरात बसू नका. छत्री, काठी, मोबाइल आणि दोन तरुण पोरं घेऊन वरून खाली चाला. पांदण सुरू होते तिथे, पांदण रस्त्याला मिळते तिथे, शाळेपाशी, खालच्या पुऱ्याच्या तोंडाशी, आणि मोरीवर, अशा पाच जागी पाणी किती वाजता आलं आणि काठीवर किती चढलं ते लिहा. त्या दिवशी तुमच्या महसूल मंडळात किती मिलिमीटर पडला तो आकडा कृषी सहायकाकडून घ्या. ६५च्या वर असेल तर अतिवृष्टी म्हणून तलाठ्याकडेही नोंद असेल. हे पाच आकडे आणि मुलांनी केलेला मुरमाचा नकाशा मला पाठवा. पांदणीवरच्या उंचवट्याची उंची मी त्यावरून काढून देईन. आज सांगितली तर तो अंदाज होईल.